गवताच्या जागी झुडपं आली तर ते 'वाळवंटीकरण' कसं?

प्रश्न असा आहे: 'कोरड्या गवताळ माळावर झुडपं माजली तर त्याला वाळवंटीकरण का म्हणतात? वाळू कुठेय? उलट हिरवं वाढलंच की!'

शब्द बरोबर आहे. गोंधळ होतो तो वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या वाळूमुळे. नदीकाठच्या वाळूलाही आपण वाळवंट म्हणतो, चंद्रभागेचं वाळवंट. भूगोलात मात्र वाळवंट ठरतं ते पाण्याच्या तुटवड्यावरून.

आता त्यातलं 'ईकरण' पाहा. त्यातला 'ई' हा संस्कृतातला च्वि प्रत्यय, आणि त्याचा अर्थच मुळी 'जे तसं नव्हतं ते तसं होणं'. म्हणजे आधीचं वाळवंट पसरणं नव्हे, तर चांगल्या जमिनीचं वाळवंट होणं. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या वाळवंटीकरणविरोधी करारातली व्याख्याही हेच सांगते: शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र भागांतल्या जमिनीचा ऱ्हास. खरीखुरी अतिशुष्क वाळवंटं तिच्यात धरलेलीच नाहीत. व्याकरण आणि व्याख्या इतकी नेमकी जुळलेली पाहून मला फार आनंद होतो.

राहिली झुडपं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या होर्नादा खोऱ्यात १८५८च्या मोजणीच्या वेळी बहुतेक भागात चांगलं गवत होतं. पुढे बेसुमार चराई झाली, त्यात दुष्काळ पडले आणि गवत तुटक झालं. मेस्कीट या काटेरी झुडपाच्या शेंगा गुरं खातात आणि शेणातून बी सगळीकडे जातं. आपली वेडी बाभूळ या मेस्कीटचीच बहीण. गवताची दाट, उथळ मुळं पाऊस जागच्या जागी मुरवत होती. आता उघड्या जमिनीवरून तो वाहून जातो, वारा बारीक माती उचलतो आणि ती झुडपाच्या बुंध्याशी अडकते. प्रत्येक झुडपाखाली मातीचा उंचवटा, वर पालापाचोळा. दोन झुडपांच्या मधे टणक, तापलेली जमीन, जिच्यात गवताचं बी रुजत नाही. शास्त्रज्ञ या उंचवट्यांना 'सुपीकतेची बेटं' म्हणतात. एकूण हिरवं फारसं घटलेलं नसतंही, पण सगळीकडे सारखी पसरलेली ओल आणि कस मूठभर जागी गोळा झालेला असतो. मधली जमीन वाळवंट झाली ती अशी.

म्हणून लिहिताना 'वाळवंटीकरण' खुशाल वापरा, 'वाळवंटाचा फैलाव' मात्र नको. आणि फक्त झाडोऱ्यातला बदल सांगायचा असेल, तर 'माळाचं झुडपी रान होणं' हे मला जास्त आवडतं. ऐकणाऱ्याला माळ दिसतो.