मराठीत बोललं तर चालेल का?

प्रश्न : ताई, मी नागपूरला इंदोऱ्यात राहते. वय ३४, शिक्षण बारावी. चार घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करते, सहा वर्षांपासून घरकामगार बायकांच्या संघटनेत आहे. मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाची महिला हक्कांवरची परिषद असते. त्या वेळच्या एका कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायला एका संस्थेनं मला बोलावलंय. तिकीट आणि राहणं त्यांच्याकडे. मला इंग्रजी येत नाही. कोणी म्हणतं भाषण पाठ कर, कोणी म्हणतं जाऊच नको. सासूबाई विचारतात, तिथं बोलून इथल्या बाईला रविवारची सुट्टी मिळणार आहे का? काय करू?

उत्तर : जा, आणि मराठीत बोल.

१९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी मी तिथं गेले होते. सरकारांची परिषद बीजिंगमध्ये आणि आमच्यासारख्या संस्थांच्या बायकांचा मेळावा पन्नासएक किलोमीटरवर, ह्वाईरोला. पाऊस, चिखल, तंबू आणि जगभरातून आलेल्या हजारो बायका. मी महिनाभर शब्दकोश घेऊन इंग्रजीत निबंध लिहिला होता. मान खाली घालून वाचला. समोरच्यांनी ऐकून घेतला, पण एकीनंही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूत आफ्रिकेतली एक शेतकरी बाई तिच्या भाषेत बोलली, बाजूची मैत्रीण वाक्यावाक्यानं इंग्रजी करत होती. तंबूतून कोणी हललं नाही. नंतर बायका तिच्याभोवती तासभर उभ्या होत्या. माझ्याजवळही सांगण्यासारखं पुष्कळ होतं, ते सगळं त्या निबंधाखाली दबलं. तुझ्याबाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र आत्ताच पक्कं कर. मुख्यालयाच्या आतल्या बैठकांचा अनुवाद सहा भाषांत होतो. त्यांत हिंदीही नाही, मराठीही नाही. बाहेर संस्थांचे कार्यक्रम होतात तिथं ज्याचा दुभाषी त्यानंच आणायचा. म्हणून संस्थेला आजच लिहून विचार, माझा दुभाषी कोण? त्या व्यक्तीशी आधी दोनदा फोनवर बोल. ‘मोलकरीण’, ‘खाडा’, ‘वरकाम’ हे शब्द तिला नीट कळले पाहिजेत. आणि हिशेब लक्षात ठेव : अनुवाद धरून पाच मिनिटं म्हणजे तुझ्या वाट्याला अडीचच. वहीची दोन पानं, त्याहून जास्त नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो मला फार मोलाचा वाटला. त्यांना खरं सांग : लगेच नाही मिळणार. ही परिषद संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिलांविषयीच्या आयोगाची, त्याचे ४५ देश सदस्य असतात, शेवटी जो मसुदा निघतो त्याच्या शब्दाशब्दावर सरकारं घासाघीस करतात, आणि तुझ्या अडीच मिनिटांनी तो बदलणार नाही. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती त्यात लिहिलेली आहे. म्हणजे सासूबाई म्हणतात तीच सुट्टी! हा करार भारतानं अजून स्वीकारलेला नाही. जिथं स्वीकारला, त्या फिलिपिन्सच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, ब्राझीलच्या घरकामगार बायका तिथं भेटल्या तर सोडू नकोस. त्यांना सुट्टी खरंच मिळते का, मालकीण नाही म्हणाली तर कुठं जातात, हे विचार. आपल्याकडून आलेल्या सरकारी प्रतिनिधींनाही गाठ. मुंबई-दिल्लीत त्यांच्या दारात जायला जमत नाही, तिथं ते चहाच्या रांगेत भेटतात.

आणि ‘आपण कोण तिथं बोलणारे’ असं मनात येत असेल तर नागपूरचंच आठव. २० जुलै १९४२ ला आपल्या मोहन पार्कात दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले, सुमारे २५ हजार बायका होत्या अशी नोंद आहे. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हटलं, आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका यांतल्या कामगार बायकांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाली तर भरपाई आणि पेन्शन मागितलं. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यातली रजा आणि पेन्शन तुझ्या चार घरांत अजून पोचलेली नाही. भाषण इथूनच सुरू कर असं मी सुचवेन.

व्हिसाचं : निमंत्रण आहे म्हणजे व्हिसा मिळालाच असं नसतं, तारखा मिळायला वेळ लागतो, लवकर लाग. मुलाखत मुंबईला, बीकेसीत म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. भाषेची धास्ती नको, तिथं मराठीतही बोलता येतं. पासपोर्टावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरन्‌अक्षर एक असू दे. लग्नानंतरच्या नावाचा घोळ बायकांनाच भोवतो. मार्चमध्ये इथं पंखे लागतात, तिथं हाडं गोठवणारी थंडी असते. जाड कोट कोणाकडून तरी मागून ने, विकत घेऊ नकोस.

पैशाचं एक तू लिहिलं नाहीस, मीच विचारते. तितक्या दिवसांचे खाडे कोण भरणार? संस्थेनं तिकीट दिलं, ठीक. पण तुझी बुडालेली मजुरी हाही प्रवासाचाच खर्च आहे. तो लेखी माग, संकोच करू नकोस. बोलावणाऱ्यांना पगारी रजा असते, म्हणून त्यांच्या हे ध्यानात येत नाही. आणि चारही घरी बदली बाई आधीच लावून दे, संघटनेतलीच, म्हणजे परत आल्यावर काम शाबूत राहील.

निघण्याआधी एका संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना जमव आणि प्रत्येकीला विचार, तुझं एकच वाक्य मी तिथं न्यायचं असेल तर कोणतं? जसं बोलतील तसं लिहून घे, दुरुस्त करू नकोस. सासूबाईंचंही घे. त्या दोन पानांचा कच्चा मसुदा या पत्त्यावर मला पाठव. मराठीतच. इंग्रजीचं नंतर बघू.