टीएस-९ मध्ये चिप बदलून ८०८ चा आवाज येतो का? मॉड करून घ्यावं का?

तुमच्याकडे आयबानेझचं नवं टीएस-९ ट्यूब स्क्रीमर, म्हणजे गिटारचा आवाज थोडा फाडून जाड करणारं पेडल आहे, आवाज पातळ वाटतो, आणि मॉड, म्हणजे आतले पार्ट बदलून देणारा एक जण ‘जपानी ४५५८ चिप टाकून ८०८ (टीएस-९ च्या आधीचं ट्यूब स्क्रीमर) बनवून देतो’ म्हणत पेडलच्या जवळपास निम्मी किंमत मागतोय. द्यावी का, असं विचारलंय.

त्या कामासाठी नका देऊ. आवाज पातळ आहे त्यात चिपचा काही दोष नाही. ती करामत एका कपॅसिटरची आहे, आणि तो काही रुपयांत मिळतो.

आधी पेडलची खालची प्लेट काढून बघा. आठ पायांची काळी चिप दिसेल. तिच्यावर जेआरसी ४५५८डी छापलेलं असेल, आणि नव्या टीएस-९ मध्ये बहुधा असतंच, तर तो माणूस तुम्हाला तुमचीच चिप विकतोय. गंमत म्हणजे १९८० च्या दशकातल्या ज्या टीएस-९ ना आज लोक अव्वाच्या सव्वा मोजतात, त्यांतल्या कित्येकांत तोशिबाची टीए७५५५८ होती. आणि ८०८ व टीएस-९ यांच्या आवाजाच्या सर्किटमध्ये फरक आहे तो शेवटच्या दोन रेझिस्टरांचा. टीएस-९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलो-ओहम, ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलो-ओहम. बाकी क्लिपिंग (सिग्नलची टोकं कापून आवाज फाडणं), टोन सगळं तेच. हे दोन बदलले की कागदोपत्री ८०८ झालं. कानाला कितपत कळेल? पेडलनंतर थेट अँप असेल तर मला तरी कळत नाही.

चिपचं एवढं स्तोम का नको, ते थोडं गणित करून सांगतो. ड्राइव्हचा नॉब पूर्ण फिरवला की क्लिपिंगच्या स्टेजचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साधारण ११८ पट होतं. ४५५८ चा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन गुणिले चिप पोचते ती वरची फ्रीक्वेन्सी) ३ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एवढ्या गेनलाही ती २५ किलोहर्ट्झपर्यंत पोचते. पण फीडबॅकमध्ये, म्हणजे चिपच्या आउटपुटकडून परत इनपुटकडे येणाऱ्या वाटेवर, ५१ पिकोफॅरॅडचा एक कपॅसिटर आहे, तो त्याच सेटिंगला ५.७ किलोहर्ट्झच्या आसपासच वरचे स्वर कापायला लागतो. पुढे गिटारचा स्पीकर, त्यालाही ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही जमत नाही. एवढ्या गाळण्यांतून आलेल्या आवाजात चिपचा ब्रँड ओळखणारा कान मला अजून भेटायचाय. खात्री करायची असेल तर आठ पायांचं सॉकेट सोल्डर करा, मित्राला पाठमोरा बसवून चिपा बदलत राहा आणि तो काय सांगतो ते लिहून ठेवा.

आता पातळपणाकडे. क्लिपिंगच्या स्टेजमध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडकडे जातात. ही जोडी साधारण ७२० हर्ट्झला कोपरा बनवते, त्याच्या खालच्या स्वरांना गेन कमी कमी मिळत जातं. शिवाय क्लिपिंगनंतर १ किलो-ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरॅडची दुसरी जोडी आहे, ती जवळपास त्याच ठिकाणापासून वरचं कापते. दोन्हींच्या मधे उरतो तो मिडचा, म्हणजे मधल्या स्वरांचा फुगवटा. ट्यूब स्क्रीमरची ओळख म्हणतात ती हीच.

इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. घरी एकट्याने वाजवताना हा फुगवटा नाकातला वाटतो, बेस गेला असं वाटतं. बँडमध्ये त्या खालच्या जागेत बेस गिटार आणि किक ड्रम आधीच ठाण मांडून असतात; तिथे तुमचा सोलो ऐकू येतो तो ह्या फुगवट्यामुळेच. मेटलवाले तर ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून हाय-गेन अँपच्या आधी हे पेडल लावतात, ते मुद्दाम बेस कापून रिफ घट्ट करायला. त्यामुळे एकदा तालमीत लावून बघा आणि मगच ठरवा.

तरीही बेस हवाच असेल, तर ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरॅड लावा. कोपरा ३४० हर्ट्झवर येतो. गिटारवर सिंगल कॉइल (एका कॉइलचा, पातळ आवाजाचा पिकअप) असेल तर छान भरीव वाटतं. हंबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा पिकअप) असेल तर ०.१ च्या पुढे जाऊ नका; ०.२२ लावलात तर कोपरा १५४ वर जातो आणि जाड तारांवरचा कॉर्ड नुसता चिखल होतो.

डायोड बदलणं हा दुसरा खरोखर ऐकू येणारा मॉड. मूळ सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास कापतात. एका बाजूला एकाऐवजी दोन डायोड एकामागे एक लावले की क्लिपिंग असमान होतं, तार जरा जास्त बोलते. बॉसने १९७७ च्या ओडी-१ मध्ये आणि नंतर एसडी-१ मध्ये हेच केलं. लाल एलईडी लावली तर १.७ व्होल्टच्या आसपास कापते. दबलेपणा कमी, आवाज मोठा. ह्या ‘मोठा’ पासून सावध राहा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना लेव्हल कमी करून दोन्ही आवाज सारखे करा. यूट्यूबवरच्या मॉडच्या निम्म्या व्हिडिओंत हे कोणी करत नाही.

माझा आवडता मॉड मात्र फारसं कोणी सांगत नाही. ड्राइव्हच्या पॉटला (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरला) जोडून ५१ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्यामुळे ड्राइव्ह शून्यावर ठेवला तरी गेन १२ पटीच्या खाली जात नाही. तिथे १० किलो-ओहम लावला की किमान गेन ३ पटीवर येतं, आणि पेडल जवळजवळ स्वच्छ बूस्ट म्हणून वापरता येतं. पूर्ण ड्राइव्हला काही बिघडत नाही.

ट्रू बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला वगळून सरळ जाईल असा स्विच, करून घेऊ नका, उगाच. टीएस-९ मधला बफर (सिग्नलला जोर देणारी छोटी स्टेज) लांब केबल आणि पाच-सहा पेडलांच्या रांगेत वरचे स्वर टिकवतो.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळेल. फिल्म कपॅसिटर मागा. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायचा पंप आणि थोडी वीक (वितळलेलं सोल्डर शोषणारी विणलेली तांब्याची जाळी) एवढ्यावर भागतं. जुना पार्ट काढताना आयर्न टेकवून बसू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली जाते. मूळ पार्ट डबीत जपून ठेवा, विकताना उपयोगी पडतात. आणि १९८० च्या दशकातलं अस्सल पेडल असेल तर आयर्न लांबच ठेवा. मॉड केलेलं जुनं पेडल घेणारे कमी भाव देतात.

स्वतः करायचं नसेल आणि कोणाकडून करूनच घ्यायचं असेल, तर पैसे देण्याआधी त्याला विचारा, ‘कुठला कपॅसिटर बदलणार, किती मायक्रोफॅरॅडचा?’ त्याने आकडे सांगितले तर मजुरीचे पैसे जरूर द्या, हातात कला असते या लोकांच्या. चिपचंच पुराण लावलं तर पेडल पिशवीत घाला आणि घरी या.