वॉचमनकाकांचा व्हिसा

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. नेरूळला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. रात्रपाळीचे वॉचमन नेपाळचे, चौदा वर्षांपासून आमच्याकडे. बायको चार घरी पोळ्या करते, मुलगी पालिकेच्या शाळेत नववीला आहे, जन्मही तिचा इथलाच. परवा मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "व्हिसा नसलेला परदेशी माणूस ठेवला तर उद्या आपणच अडकू." आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी बंगाली बोलतात, मालदा जिल्ह्यातल्या असल्याचं सांगतात. त्यांनाही बंद करायचं चाललंय. आधार दोघांकडेही आहे. वॉचमनकाकांनी तर मतदार कार्ड काढून दाखवलं, तेव्हा सगळे गप्प बसले. यात खरं काय समजायचं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : जिथे सगळे गप्प बसले, नेमकं तिथेच बोलायला हवं होतं. तुमच्या अख्ख्या पत्रात मला बेकायदा दिसली ती एकच वस्तू, ते मतदार कार्ड. बाकी वॉचमनकाका इथे राहतात, नोकरी करतात, त्यात गैर काही नाही.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० ला मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहायला, मालमत्ता घ्यायला, व्यापार करायला, हिंडाफिरायला मुभा आहे. सुमारे १,७५१ किलोमीटरची ती सीमा उघडी आहे. माणसं सकाळी पलीकडे बाजाराला जातात आणि संध्याकाळी परततात. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे परदेशी लोकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ चा जुना गेला. तरीही नेपाळमधून जमिनीने किंवा विमानाने येणाऱ्या नेपाळी नागरिकाला पासपोर्ट-व्हिसाची सूट कायम आहे. भूतानच्या लोकांनाही तशीच आहे. सेक्रेटरींना हवं तर सांगा, की हा माणूस काही मोजकी पदं सोडली तर केंद्र सरकारच्या नोकरीलासुद्धा पात्र ठरू शकतो. तुमच्या गेटवर बसायला त्याला कसली अडचण येणार?

(नेपाळात मात्र या करारावर वर्षानुवर्षं कुरबुर आहे, बरं का. दोन्ही देशांच्या जाणत्या मंडळींचा गट २०१६ मध्ये नेमला, २०१८ मध्ये त्यांचा अहवालही तयार झाला, आणि तो स्वीकारायला आपल्या सरकारला अजून सवड मिळालेली नाही. उघडी सीमा मोठ्याला सोयीची आणि धाकट्याला धाकधुकीची, असं तिथे अनेकांना वाटतं. मला त्यात तथ्य दिसतं.)

आता त्या कार्डाकडे येते. राहण्याची मुभा म्हणजे मताचा हक्क नव्हे. यादीत नाव घालताना 'मी भारताचा नागरिक आहे' असं लिहून द्यावं लागतं आणि खोटं लिहिणं गुन्हा आहे. कुण्या एजंटाने "सगळेच काढतात" म्हणत पाचशे-हजार घेऊन ते काढून दिलं असणार. काकांना म्हणावं, नमुना ७ भरून स्वतःहून नाव कमी करून घ्या, आणि त्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. आधारची गोष्ट वेगळी. आधार रहिवाशाला मिळतं, नेपाळी नागरिकालाही रीतसर मिळतं. मात्र ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, तसं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. ठाण्यातल्याच एका प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना हेच सांगितलं : आधार, पॅन, मतदार कार्ड जवळ आहे एवढ्यावरून कोणी नागरिक ठरत नाही.

मुलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही परदेशी असतील, तर निव्वळ इथल्या जन्मामुळे त्याला नागरिकत्व मिळत नाही. नेरूळला जन्मली, मराठी बोलते, तरी ती नेपाळचीच. दहावीनंतरच्या फॉर्मवर 'राष्ट्रीयत्व' हा रकाना येईल, तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून 'भारतीय' लिहून बसू नये. नेपाळची कागदपत्रं आताच करायला घ्या.

मावशींचं कोडं मला जास्त अवघड वाटतं. बांगलादेशाशी नेपाळसारखा करार नाही, तिकडून व्हिसाशिवाय आलेला माणूस बेकायदाच. पण मालदा बांगलादेशात नाही, पश्चिम बंगालमध्ये आहे. बंगाली सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलतात, जशी नेपाळी दार्जिलिंगलाही बोलतात आणि ते लोक पक्के भारतीय. बोलीवरून देश ओळखायला गेलं की काय होतं ते २०२५ च्या जूनमध्ये दिसलं. मुंबई-मीरा रोडकडून उचललेल्या बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि मग त्यांना परत आणावं लागलं.

माझ्याकडे असाच एक गवंडी आला होता, म्हणजे त्याचा मामा आला होता, गवंडी कोठडीत. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं कायद्याने त्या माणसावरच टाकलंय. जुन्या कायद्यातही तसंच होतं. गावाकडून आजोबांच्या नावचा जमिनीचा खतियान, म्हणजे तिकडचा सातबाराच, येईपर्यंत नऊ दिवस गेले. तो कागद ओला होऊन चिकटला होता. मामाने इस्त्री करून आणला होता. तेव्हा मावशींना हळूच सांगा, जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांचे जुने कागद यांच्या प्रती मागवून ठेवा. कामावर ठेवलेल्यांची माहिती पोलीस ठाण्यात द्या, खरोखर संशय असेल तर तोही कळवा. पण नागरिक कोण हे ठरवायचा अधिकार सोसायटीच्या कमिटीला नाही.

तुमच्या पत्राच्या कडेला आणखी एक ओळ होती : "निर्वासित म्हटलं की चालतं का?" नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, सगळं सरकारी आदेशांवर. आपल्या ठाण्यात कोपरीला किंवा उल्हासनगरला फाळणीनंतर सिंधी आले, त्यांना नागरिक म्हणूनच वसवलं, म्हणून तो दाखला इथे लागू होत नाही. उघडी सीमाही प्रत्येकाच्या उपयोगी पडतेच असं नाही. १९९० च्या सुमारास भूतानने नेपाळी बोलणाऱ्या लाखभर लोकांना घालवलं. ते भारतातून नेपाळला पोचले आणि छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिले. बहुतेकांना शेवटी अमेरिकेने घेतलं, आणि २०२५ मध्ये त्यातल्या काहींना भूतानला परत धाडलं. भूतानने त्यांना पुन्हा सीमेबाहेर काढलं.

पुढच्या मीटिंगला वॉचमनकाकांना बोलवा आणि त्यांची 'नागरिकता' बघायला मागा. नेपाळमध्ये त्या दाखल्याला हेच नाव आहे. देवनागरीत असतो, सेक्रेटरींना स्वतःलाच वाचता येईल.