सोलर बसवा, पण आधी माळ्यावरचा बंब खाली काढा

भोर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "यजमान शिरवळच्या एमआयडीसीत आहेत, पगार हातात 26 हजार. दोन गायींच्या दुधाचे खर्च जाऊन आठेक हजार सुटतात. लाइटबिल 2,600-2,700, सिलिंडर, चार मोबाइलचे रिचार्ज आणि डिश धरली तर सव्वापाच हजार नुसते बिलांत जातात. एक एजंट म्हणतो, 3 किलोवॅटचं सोलर बसवा, 1 लाख 95 हजार खर्च, 78 हजार सबसिडी, बिल झिरो. आमची 1 लाख 20 हजारांची एफडी आहे, मार्चमध्ये मुदत संपते. आत्ताच मोडू का? सासूबाई नको म्हणतात, पत्र्याला भोकं पडून घर गळेल म्हणून."

ताई, सासूबाईंचं ऐका. पण पत्र्याच्या भोकांसाठी नव्हे, ती नीट बुजवता येतात. एफडी आत्ता मोडू नका, कारण तुम्हाला 3 किलोवॅट लागतच नाही.

हे मी पुण्यात खुर्चीवर बसून म्हणत नाहीये. तुमच्याकडून बिलाचा फोटो मागवला आणि धाकटीला एका रविवारी मीटरसमोर बसवायला सांगितलं, आठवतं ना? मीटरवर बारीक अक्षरात 3200 आकडा छापलेला आहे, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून एकेक वस्तू चालू करायची आणि मिनिटभर दिवा मोजायचा. पोरीने मोटरचे त्रेपन्न मोजले, गिझरचे एकशे सात. वहीचं पान पाठवलंत, त्यावर खाली "पप्पा म्हणतात कुट्टी मशीनच खातं" असंही लिहिलंय. पप्पांना सांगा, चारा कापायचं कुट्टी मशीन आवाज करतं, पण चालतं रोज पंधरा मिनिटं. महिन्याला अकरा-बारा युनिटांच्या वर जात नाही.

पोरीच्या वहीवरून तुमच्या 240 युनिटांचा हिशेब असा लागतो. तीन जुने पंखे, रोज बारा तास, 81 युनिटं. गिझर 52, विहिरीवरची एक एचपीची मोटर 45, फ्रिज 35, आणि उरलेल्यात कुट्टी, टीव्ही, दिवे, मिक्सर.

आता बिलाची मागची बाजू बघा. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा) आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं तर तुमची पहिली शंभर युनिटं साधारण सात रुपयांनी पडतात आणि 101 ते 300 मधलं प्रत्येक युनिट तेराच्या आसपास. स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट न जाळता भरावाच लागणारा, दीडशेच्या घरात, तो वेगळा. म्हणजे 700 अधिक 1,820 अधिक 150, झाले 2,670. बिल भागिले युनिटं करून "आम्हाला अकरा रुपयांनी वीज पडते" असं लोक म्हणतात, तिथेच गणित चुकतं. तुम्ही आज जे युनिट वाचवाल ते तेराचं असेल, अकराचं नाही. आणि ही तेराची युनिटं एकदाच वाचतात. ती घरातल्या घरात वाचवली, तर सोलरने वाचवायला बरीचशी सातवालीच उरतात. एजंटच्या कागदावर ही गोष्ट नसते, कारण तो आजच्या बिलावर हिशेब मांडतो.

सुरुवात गिझरपासून. तुमच्या माळ्यावर तांब्याचा बंब पडून आहे, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. बूड गळतं म्हणून वर टाकला आणि गिझर घेतला. तो डाग मारून घ्या आणि परसात मांडा. घरात नको, धूर सासूबाईंच्या छातीला बरा नाही. बांधावरच्या काटक्या, वाळलेल्या फांद्या तुम्हाला विकत घ्याव्या लागत नाहीत. आषाढ-श्रावणात सरपण ओलं असतं तेव्हा गिझर लावा, माझी हरकत नाही. तरी वर्षाच्या सरासरीत 42 युनिटं सहज जातात.

मोटरचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही म्हणालात, ती "पाणी धरत नाही", रोज बादलीभर पाणी वरून ओतावं लागतं. म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह, गेलाय. पाइपातलं पाणी रात्रभरात विहिरीत परत जातं आणि सकाळी मोटर आधी वाराच ओढत बसते. त्यात टाकी भरून वाहायला लागली की मगच कुणाच्या तरी लक्षात येतं. व्हॉल्व्ह बदला, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट बसवा. मिस्त्री धरून हजारभर रुपये, आणि 20 युनिटं कमी. कुणी सुचवेल की शेतीपंपाच्या मीटरवरून घरची टाकी भरा, 7.5 एचपीपर्यंतचं बिल सध्या माफच आहे. तसं करू नका. शेतीची वीज घराला वापरणं बेकायदा आहे, सापडलात तर चार वर्षांची बचत एका दंडात जाईल.

पंखे तीनही बदलू नका. जे दोन दिवसभर फिरतात, सासूबाईंच्या खोलीतला आणि ओटीवरचा, तेवढेच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. जुना 75 वॅट ओढतो, हा तिसाच्या आसपास. दोघांचे मिळून सहा हजार. त्यावर 32 युनिटं वाचतील. थंडीत पंखे बंद असतात तेव्हा ही बचत मिळणार नाही, हे लक्षात ठेवा.

सगळं मिळून 94 युनिटं गेली, उरली 146. बिल साडेचौदाशेच्या आसपास. साडेसात हजार खर्च आणि महिन्याला बाराशे वीस वाचले, म्हणजे सहा-सात महिन्यांत पैसे वसूल. अशी कमाई कुठल्याच एफडीत नाही. हे साडेसात हजार एफडीतून काढायचे नाहीत. डेअरीचा दिवाळीचा बोनस येतो ना, तो पंख्यांना. बंब आणि व्हॉल्व्हला दोन पगार थांबायची गरज नाही.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. सासूबाईंच्या फोनवर फक्त फोन येतात आणि त्यांना रोज दोन जीबी डेटा कशाला? ट्रायने (मोबाइल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) डिसेंबर 2024 मध्ये सांगितल्यापासून कंपन्यांना डेटाशिवायचे, कॉलपुरते पॅक द्यावे लागतात. 84 दिवसांचा साडेचारशेच्या आसपास मिळतो. दुकानदार आपण होऊन सांगत नाही, मागावा लागतो. आणि 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा होतात. डिश मी बंद करायला सांगणार नाही, संध्याकाळच्या मालिकांवरून घरात वाद लावायचा नाही मला. सिलिंडरच्या बाबतीत दोन गायींच्या शेणावर छोटा गोबरगॅस चालू शकतो, पण गाई ठेवायच्या की नाही यावरच तुमच्या घरी एकमत नाही असं दिसतं. ते आधी ठरू द्या.

आता पुन्हा सोलरकडे. एक किलोवॅट महिन्याला सरासरी शंभर-एकशेदहा युनिटं देतं, भोरच्या पावसात त्याहून कमी. 3 किलोवॅटची सव्वातीनशे युनिटं तुमच्या 146 युनिटांच्या घरात करणार काय? जादा युनिटं महावितरणकडे जमा होऊन पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळती होतात, पण 31 मार्चला जी उरतात त्यांना मिळणारा दर अगदी किरकोळ असतो. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. मुळशीतल्या आमच्या घरावर मी हौसेने 3 किलोवॅट बसवलं. आता तिथे आई एकटी, एक पंखा आणि एक फ्रिज. दर मार्चअखेरीस त्या जादा युनिटांचे पैसे बघून ती मला विचारते, "एवढं कशाला लावलंस रे?"

एजंटच्या कोटेशनप्रमाणे सबसिडी जाऊन 1 लाख 17 हजार पडतात. आजच्या 240 युनिटांवर ते चार वर्षांत सुटतात, हे खरं आहे, एजंट त्यात खोटं बोललेला नाही. पण 146 युनिटांवर साडेसात वर्षं लागतात. तेच 1 किलोवॅट घेतलं तर मला पुण्यात मिळालेल्या भावाने साधारण 75 हजार, सबसिडी 30 हजार, म्हणजे 45 हजार. ते महिन्याला हजारभर वाचवेल आणि पावणेचार वर्षांच्या आत वसूल होईल. बिल झिरो होणार नाही, चारशेच्या घरात येईल. झिरो तर एजंटचंही होत नव्हतं, स्थिर आकार सुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितलेली नाही. सबसिडी आधी वजा होत नाही. पूर्ण रक्कम तुम्ही भरायची, यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाली की सबसिडी खात्यात येते. एफडी मोडूनही तुम्हाला 75 हजार कमीच पडणार होते. तो ज्या "इझी हप्त्या"चं बोलतोय ते 14 टक्क्यांचं कर्ज याच खड्ड्यासाठी आहे. कर्ज घ्यायचंच झालं तर सरकारी बँकेत पीएम सूर्यघर योजनेचं, म्हणजे ही सबसिडी देणाऱ्या केंद्राच्याच योजनेचं, म्हणून विचारा. 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि व्याज घरकर्जाच्या आसपास असतं.

आणि वीज गेली की हे सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पावसाळ्यात तुमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते, तेव्हा पॅनेल छपरावर नुसतं धुऊन निघेल. बॅटरी घेतली तर हिशेब पार बदलतो. चार्जिंगचे दोन बल्ब आणून ठेवा.

म्हणून माझं वेळापत्रक असं: बंब आणि व्हॉल्व्ह या महिन्यात, पंखे दिवाळीला. फेब्रुवारीपर्यंतची बिलं जपून ठेवा. मार्चमध्ये एफडी पिकली की 75 हजार पुन्हा ठेवा. तुमचा घरखर्च महिना पंचवीस हजार, त्यामुळे हा तीन महिन्यांचा आधार आहे, त्याला हात लावायचा नाही. उरलेले 45 हजार, तोवर बिलात वाचलेले सहाएक हजार (थंडीत पंख्यांची बचत नाही) आणि बाकीचे पंचवीसेक हजार बचत गटातून घेतलेत तर 1 किलोवॅटचे पैसे उभे राहतात. सबसिडीचे 30 हजार आले की गटाचे आधी फेडा. योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आखलेली आहे, त्यामुळे मार्चच्या पुढे मात्र ढकलू नका.

एक काम आजच सुरू करा. तुमचं मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्या नावावर अर्ज केला तर सबसिडी अडकेल, ती मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच बँक खात्यात जाते. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना 8 उतारा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र तयार ठेवा. थोरले दीर गणपतीला पुण्याहून येतात म्हणालात. गौरी जेवल्या की त्यांची सही घ्या, विसर्जनाच्या गडबडीत ते निघून जातील.