सील बदलायच्या आधी पाइपवरनं वात फिरवा

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. २००२ ची हिरो होंडा सीबीझेड, पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेककडचा शॉकप (दणके झेलणारा, आत तेल असलेला) गळतोय, सहा महिन्यांत दोनदा सील (तेल अडवणारं रबर) बदललं, पंधरा दिवस कोरडं राहतं मग पाइपवर (शॉकपचा वरचा चकचकीत दांडा) परत तेलाची रिंग, आणि मेकॅनिक म्हणतोय "लोकल सील लागलं साहेब, आता ओरिजिनल मागवू". अहो ही माझीच गोष्ट आहे. फरक एवढाच की माझी गाडी २००१ ची आणि मी दोनवर थांबलो नाही, चारदा बदललं.

आधीच सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही, शाळेत गणित शिकवतो. एका गाडीवर हात काळे करून जेवढं कळलं तेवढंच लिहितोय, तुमच्या गाडीचं दुखणं वेगळंही असू शकतं. शॉकप उतरवायचे कसे, चाक कसं काढायचं हे लिहीत नाही, ते तुम्हाला येत असणार किंवा कुणीतरी करून देईल.

बाकीचं उत्तर वाचा नाहीतर सोडा, पण ब्रेकचे पॅड आज बघा. डिस्कच्या बाजूचं तेल बॉटमवरनं (शॉकपचा खालचा जाड भाग) ओघळून कॅलिपरवर (पॅडने डिस्क पकडणारा भाग) जातं. मला हे कळलं ते रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला, समोर दुधाचा टेम्पो थांबला, मी लिव्हर दाबला, लिव्हर नेहमीसारखा घट्ट आणि गाडी आपली चाललीच आहे. मागचा ब्रेक आणि दोन्ही पाय घासत कसाबसा थांबलो. तेल प्यायलेले पॅड पेट्रोलने धुवून, गॅसवर भाजून परत टाकणारे लोक आहेत, मीही केलं, दोन दिवस बरं वाटतं. नका करू. नवीन टाका, आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पण गाडी रोज फिरवायची ती गळती थांबल्यावरच, नाहीतर नवीन पॅडही वाया. तोपर्यंत, खाली सांगितलेली एक चक्कर सोडली तर, गाडी उभी ठेवा.

आता मुद्दा. सील दोनदा गेलं याचा अर्थ सील खराब नाही, सीलला कुणीतरी कापतंय. ते रबराचं ओठ असतं, पाइप त्यातनं प्रत्येक खड्ड्याला खालीवर होतो, आणि पाइपवर मोहरीएवढा जरी गंजाचा खड्डा असला तरी त्याची कड त्या ओठाला ब्लेडसारखी लागते. माझं घर मिऱ्याच्या बाजूला, खारा वारा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी तीन-साडेतीन महिने पडवीत उभी, वर ताडपत्री. त्यात पाइपवर पुढच्या अंगाला, डस्ट सीलच्या (धूळ अडवणारं वरचं रबर) चार बोटं वर, एक तपकिरी ठिपका आला. एकच. मी तो बघितला होता हो! पण सील खाली आणि ठिपका वर, मला वाटलं याचा त्याचा काय संबंध. गाडी उभी असताना नसतोच संबंध. खड्ड्यात शॉकप दबला की बरोबर तोच भाग सीलमध्ये शिरतो.

तर पहिली गळती झाली तेव्हा मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही. काचेची केबिन, पाण्याचा कूलर, जॉब कार्ड, सगळं व्यवस्थित. त्यांनी सील टाकलं, ६५० रुपये. महिन्याने परत गेलो तर म्हणे रबर पार्टला वॉरंटी नसते. परत ६५०. तिसऱ्या वेळेला मी स्वतःच तो ठिपका दाखवला आणि म्हटलं याच्यामुळे तर नाही ना. तिथल्या पोराने मन लावून ऐकलं, पाइप व्हाइसला लावला, खिशातनं एमरी पेपर काढला आणि वरनं खाली, खालनं वर असा दहा मिनिटं घासला. ठिपका गेला, पाइप चकाचक. मी खूश. मी त्याला चहा पाजला राव! चहाचे पैसे देऊन मी माझा पाइप मारून घेतला हे मला पुढे सात-आठ महिन्यांनी कळलं.

कारण घासल्यावर जे सील टाकलं, ते तर आठ दिवसांत गेलं. आधी एका बाजूला तेल यायचं, आता पाइपच्या सगळ्या पुढच्या अंगाने. केबिनमधल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "जुनी गाडी आहे, असं होणारच, विकून टाका." त्यांच्याकडे लेखी तक्रार दिली, पोच मागितली तर शिक्का मारायचा माणूस रजेवर. तीनदा गेलो, तीनदा रजेवर. सोडून दिलं मग. तुमच्या मेकॅनिकचं मला माहीत नाही, चांगलाही असेल, पण पाइप हातात न घेता जो फक्त सीलच्या कंपनीवर बोलतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पाइप जुन्या चादरीत गुंडाळले आणि आंबा घाटातनं एसटीने कोल्हापूरला गेलो. कंडक्टरने दोनदा विचारलं, यात काय आहे. उद्यमनगरात विचारत विचारत एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडे पोचलो. त्याने पाइप उन्हात धरला, गोल फिरवला आणि पहिलाच प्रश्न, "पावणं, ह्यो कुनी घासला?" म्हटलं वर्कशॉपने. मग त्याने देव्हाऱ्यातली कापसाची एक कोरडी वात उचलली आणि हलक्या हाताने पाइपवरनं फिरवली. जिथे गंजाचा खड्डा होता तिथे कापसाचे तंतू अडकून उभे राहिले, बारीक पांढरी दाढी आल्यासारखे. नखाने मला काहीच लागत नव्हतं तिथे. मग त्याने नख आडवं फिरवायला लावलं, तेव्हा ते उभे ओरखडे लागले. "उभा घासलाय. आता सोन्याचं सील घाला, गळनारच." सीलचा ओठ पाइपभोवती गोल बसतो, आणि उभा ओरखडा म्हणजे त्याच्या खालनं गेलेली पन्हळ. तेलाला वर यायला रस्ताच करून दिला होता आम्ही. मूळचा एक ठिपका राहिला असता तर पाइप वाचला असता, एमरीने त्याच्यावरचं क्रोमच (चकचकीत मुलामा) गेलं.

त्याच्या ओळखीने जुनं क्रोम काढून हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून घेतलं, दोन्हीचे मिळून २४०० गेले. मायक्रोमीटरने मूळ मापाला आणून दिले. हे माप महत्त्वाचं आहे, चमक बघून पाइप घेऊ नका, वरनं खालपर्यंत चार ठिकाणी माप घ्यायला सांगा. तेव्हा जे सील टाकलं तेच आजही आहे, आणि ते लोकलच आहे!

मग तुम्ही काय करावं? आधी पाइप रॉकेलने पुसून उन्हात बघा आणि वात फिरवा, वाईट दिसलं तरी लाजायचं नाही. पाइपला एक झिप टाय सैलसर बांधून खड्ड्याच्या रस्त्याने हळू एक चक्कर मारा (पॅड बदलल्यावर!), तो वर सरकून जिथे थांबेल तिथपर्यंत सील जातं. त्याच्या वर गंज असेल तर फारसं बिघडत नाही. खाली असेल आणि एखाददुसराच बारीक खड्डा असेल तर तो साफ करून फेविक्विकचा थेंब भरायचा, पूर्ण वाळला की २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून आडवा, म्हणजे पाइपभोवती गोल घासायचा. आडवा. उभा नाही. कुणी उभा घासायला लागला तर हात धरा त्याचा. हा जुगाडच आहे, किती टिकेल मी सांगू शकत नाही, शेजाऱ्याच्या स्प्लेंडरला दोन पावसाळे टिकला.

पाइप स्वच्छ निघाला तर मात्र सीलखाली माती अडकलेली असू शकते. डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्सरेची पट्टी कापून टोकाला छोटा आकडा करा आणि सीलच्या आत घालून गोल फिरवा, काळा चिखल निघतो. कधी कधी एवढ्यानेच थांबतं, फुकटात. नाही थांबलं तर पाइप काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर डगडगतो.

आणि सील बसवताना तिथे उभे राहा. स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. पाइपच्या टोकाला तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मगच सील सरकवायचं, नाहीतर टोकाच्या धारेने ते पहिल्याच मिनिटाला कापतं. स्क्रूड्रायव्हरने ठोकणाऱ्याला थांबवा, जुनं सील वर ठेवून मापाच्या पीव्हीसी पाइपने ठोकायचं. शॉकपच्या तळाचा ॲलन बोल्ट वरची कॅप काढायच्या आधीच ढिला करायचा, नंतर आतला रॉड नुसता फिरत बसतो. त्याच बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवीन टाका, तिथनं झिरपलेलं तेलही लोक सीलच्या नावावर खपवतात. तेल फोर्क ऑइलच, उरलेलं इंजिन ऑइल नाही, आणि दोन्हीकडे मॅन्युअलमधल्या मापाने सारखं, औषधाच्या सिरिंजने मोजून. "थोडं जास्त टाकतो, कडक होईल" म्हणणारे असतात, जास्त तेल म्हणजे आत हवेला जागा कमी, दाब वाढतो आणि तो सीलवरच येतो.

ओरिजिनलच्या मागे फार पळू नका असं मला तरी वाटतं. हिरो आणि होंडा वेगळे होऊनही आता बरीच वर्षं झाली, या गाडीचा माल म्हणून दुकानात जे डब्यात मिळतं त्यात ओरिजिनल किती हा वेगळाच विषय. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची. ते लिहून घ्या आणि ऑइल सीलच्या दुकानात जा, गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही.

पाइपवर रबरी बेलो (घड्यांचं आवरण) घालू का असंही विचारलंय तुम्ही. घाटावर घाला, धूळ थांबते. कोकणात मी तरी काढून टाकले, आत पाणी कोंडतं आणि गंज दिसतच नाही. त्यापेक्षा गाडी पावसात उभी राहणार असेल तर पाइपला तेलाचं बोट फिरवून ठेवतो.

वात फिरवून झाली की पाइपचा फोटो टाका, उन्हातला, फ्लॅशचा नको.