पोटमाळ्यावरचा सर्व्हर आणि न्यू जर्सीच्या काकू

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. गिरगावात आमचं छोटं वाचनालय आहे. वेब-ॲप आम्हीच चालवतो. पोटमाळ्यावर एक कॉम्प्युटर, त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि एनजिनएक्स हा पानं पाठवणारा वेब सर्व्हर, फायबरचं कनेक्शन, स्थिर आयपी पत्ता. सभासद लॉगिन करून पुस्तकं राखून ठेवतात. परवानगी घेऊन स्कॅन केलेले जुने दिवाळी अंक मात्र सगळ्यांना खुले आहेत. आमच्या एक सभासद काकू सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आहेत. त्यांना अंकाचं एकेक पान उघडायला फार वेळ लागतो. सीडीएन (ठिकठिकाणी सर्व्हर ठेवून साइटची प्रत वाचकाच्या जवळून देणारी सेवा) लावा, असं एकाने सुचवलं. ते कसं लावायचं? आणि सभासदांचे फोन नंबर तिसऱ्याच्या हाती जातील का?
— एक कार्यकर्ता, गिरगाव

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच ठरतं. हो, जाऊ शकतात. सीडीएन तुमच्या आणि वाचकाच्या मधे बसतो. एचटीटीपीएसचं कुलूप त्याच्या सर्व्हरवर उघडतं आणि तिथून पुन्हा लागून मजकूर तुमच्याकडे येतो. त्या मधल्या टप्प्यावर पासवर्डसुद्धा उघडा असतो. म्हणून सगळी साइट त्याच्यामागे नेऊ नका. फक्त अंकांची चित्रं न्या.

आता काकूंचं दुखणं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटर. समुद्राखालची केबल वळसे घेत जाते, त्यामुळे जाऊन-येऊन एका खेपेला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. जोडणी आणि कुलूप यांतच दोन खेपा जातात. पुढे सर्व्हर पहिल्या खेपेला जेमतेम १४ किलोबाइट पाठवतो आणि दर खेपेला दुप्पट करत जातो. ४ एमबीच्या स्कॅनला अशा नऊ खेपा लागतात, ४०० केबीच्या पानाला पाच. शिवाय तुमचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस धरला, तर एकाच वेळी दहा जणांनी ४ एमबीचं पान उघडल्यावर प्रत्येकाला आठ सेकंद थांबावं लागेल.

तेव्हा सीडीएनच्या आधी चित्रं लहान करा. रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट. मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण सीडीएन काही प्रत्येक पान कायमचं सांभाळत नाही. जे कुणी मागत नाही ते तो टाकून देतो. तुमच्या अंकातलं सत्त्याऐंशीवं पान महिन्यातून एकदाच कुणी उघडत असेल, तर ते बहुतेक वेळा पोटमाळ्यावरूनच जाणार. दिवाळीत सगळे एकच मुखपृष्ठ उघडतात, तेव्हा मात्र सीडीएनचा खरा उपयोग होईल. आणि दादर-ठाण्याच्या वाचकांना अंतराचा फायदा जवळजवळ नाही, हेही लक्षात असू द्या.

मांडणी अशी. डोमेनखाली चित्रांसाठी वेगळं नाव घ्या, समजा ‘अंक’. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत) त्याची सीनेम नोंद, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद, सीडीएनने दिलेल्या पत्त्याकडे वळवा. मुख्य नाव आहे तसंच राहू द्या. सीडीएनपासून तुमच्यापर्यंतचा रस्ताही एचटीटीपीएसचाच ठेवा. हा शेवटचा टप्पा उघडा ठेवायचा पर्याय काही ठिकाणी मिळतो, तो घेऊ नका. एक तर ते असुरक्षित आहे, आणि तुमचा एनजिनएक्स प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे पाठवत असेल तर पान गोलगोल फिरत राहतं, उघडतच नाही.

चित्रांना कॅशे-कंट्रोल हेडर (प्रत कुणी आणि किती काळ साठवायची, ही फाइलसोबत जाणारी सूचना) द्या : पब्लिक, मॅक्स-एज ३१५३६०००, इम्युटेबल. (एनजिनएक्सच्या फाइलमध्ये हे इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं.) ते एका वर्षाचे सेकंद आहेत. पान पुन्हा स्कॅन केलंत तर फाइलचं नाव बदला, नाहीतर जुनंच दिसत राहील. सभासदांच्या पानांना ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’. इथे पुष्कळ जण ‘नो-कॅशे’ लिहितात. त्याचा अर्थ ‘साठवू नकोस’ असा नाही; ‘साठव, पण वापरण्याआधी मला विचार’ असा आहे. लॉगिनच्या कुकीला (ब्राउझर जपून ठेवतो त्या ओळखखुणेला) डोमेन लिहू नका, म्हणजे ती ‘अंक’कडे जाणार नाही.

मी एवढी खबरदारी का सांगते? पूर्वी मी नाटकांच्या तिकिटांची एक साइट सांभाळत होते. रविवारच्या प्रयोगाची गर्दी पेलेना म्हणून सीडीएनला ‘सगळं साठव’ असा नियम मी लावला. अर्ध्या तासात एका बाईंचा फोन आला, “माझ्या खात्यात दुसऱ्याच कुणाचं नाव आणि मोबाइल नंबर दिसतोय.” पहिल्या माणसाचं पान साठलं होतं आणि पुढच्या सगळ्यांना तेच मिळत होतं. नियम मी लगेच काढला, पण तो नंबर तोवर अनोळखी लोकांनी पाहिला होता. २०१५च्या नाताळात स्टीम या खेळांच्या दुकानातही कॅशेच्या चुकीच्या नियमामुळे लोकांना एकमेकांची पानं दिसली होती. सुमारे ३४ हजार जणांना त्याची झळ बसली.

तुमच्या मांडणीत एक फट उरते. दोन्ही नावं एकाच कॉम्प्युटरवर आहेत, त्यामुळे ‘अंक’ हे नाव लावून कुणी सभासदांचं पान मागितलं तर एनजिनएक्स ते देऊन बसेल आणि लॉगिनचा पासवर्ड सीडीएनमधून जाईल. ‘अंक’साठी वेगळा सर्व्हर ब्लॉक (एनजिनएक्सच्या फाइलमधला त्या एका नावापुरता भाग) लिहा, त्यात फक्त स्कॅनचा फोल्डर उघडा आणि बाकी सगळ्याला ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हे उत्तर.

मग कर्ल या कमांडने एका चित्राचे हेडर दोनदा मागवा : आधी ‘मिस’ (सीडीएनकडे प्रत नव्हती), नंतर ‘हिट’ (साठवलेली प्रत मिळाली) दिसायला हवं. त्यानंतर ‘अंक’ लावून लॉगिनचं पान मागा. ४०४ आलं तरच काकूंना निरोप पाठवा.