जुन्या कॅम्पर व्हॅनला मोठी चाके बसवताना
रिमची शोभा नंतर पाहावी. आधी टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, वाचावा, कारण पाण्याची टाकी, बॅटरी आणि सामानासह गाडी वजनकाट्यावर चढवली की मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार सहसा अंदाजापेक्षा जास्तच निघतो. १०४ इंडेक्सचा टायर ९०० किलो पेलतो. रिमही तेवढ्याच क्षमतेचे हवे. १९५/७० आर १५ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या बाजूची उंची आणि इंचांत रिमचा व्यास) या मापाऐवजी २०५/६५ आर १६ घेतल्यास व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, आणि स्पीडोमीटर त्या प्रमाणात कमी वेग दाखवू लागतो. याहून मोठा टायर दमलेल्या इंजिनाला चढावर जड जाईल, असे माझे मत आहे. एक चाक तात्पुरते बसवून, भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि टायर ब्रेकच्या नळीला घासत नाही ना, हे वाकून पाहावे. जुने बोल्ट नव्या रिममध्ये नीट बसतीलच असे नाही, तेही तपासावे.